आळीतला वन-वे उठवताना

२७ ऑगस्ट २०२२, शनिवार. गणपती चार दिवसांवर आले होते आणि मी माळ्यावरून समया काढत होते. बाहेर पहारीचा आवाज आला म्हणून पडवीत आले, तर नगरपंचायतीची दोन माणसं आमच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून खड्डा खणत होती. शेजारी लोखंडी खांब आडवा ठेवलेला, त्याच्या टोकाला गोल लाल पत्रा, मधे पांढरी आडवी पट्टी. "गणपतीपुरतं आहे, वहिनी," त्यातला एक म्हणाला. "चाकरमान्यांच्या गाड्या लागतात ना सगळ्या." मी दोघांना चहा दिला. तो फलक उतरायला जानेवारी २०२५ उजाडला.

मधल्या काळात काय काय करावं लागलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण गेल्या दोन महिन्यांत मला तीन गावांतून याच कामासाठी फोन आले. आमच्या गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याशी वाद झाले त्यांच्यापैकी बहुतेकांनी शेवटी मदतच केली, त्यांना कुठे अडचण नको.

किनाऱ्यावरची आपली गावं लांबट असतात. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधल्या पट्टीत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्या वाड्यांमधून जाणारा एकच रस्ता. गुहागरला गेलेल्यांना हे चित्र ओळखीचं असेल. आमच्याकडे बाजारपेठेतून निघालेली आळी ग्रामदेवतेच्या देवळापाशी संपते, तिथून पुढे रस्ता समुद्राकडे उतरतो. आमचं घर देवळाच्या टोकाला. समुद्राकडून बाजारात यायला दुसरा रस्ता आहे, तो खाडीच्या कडेने मोहल्ल्याला वळसा घालून येतो. आळीतून पिठाची गिरणी २८० मीटरवर. खाडीकडून गेलं तर दोन किलोमीटर. वन-वे बाजाराकडून समुद्राकडे होता. म्हणजे दळण घेऊन घरी यायला सरळ वाट, आणि दळायला न्यायला वळसा.

त्या वर्षी गणपतीत वन-वेचा उपयोग झाला, हे आधी सांगते. अकरा दिवस एकही गाडी अडकली नाही. एरवी गौरीविसर्जनाच्या संध्याकाळी आळीत जी कोंडी व्हायची ती झाली नाही. मला वन-वेबद्दल तक्रार अशी नव्हतीच. गणपती गेले, चाकरमानी गेले, फलक राहिला. दिवाळीत वाटलं, पर्यटक येतात म्हणून ठेवला असेल. मग नाताळ आला. मग कुणी काही विचारेनासं झालं.

बदल हळूहळू लक्षात आला. पूर्वी आळीत गाडी घालणारा प्रत्येक जण जपून चालायचा, कारण विहिरीच्या वळणावर समोरून कोण येईल याचा भरवसा नसायचा. टेम्पो असेल, बैलगाडी असेल, सायकलवरची पोरं असतील. पाय आपोआप ब्रेकवर. वन-वे झाल्यावर समोरून कुणी येणार नाही याची खात्री झाली आणि बाजाराच्या टोकाला वळलेली गाडी थेट देवळापर्यंत सुसाट. पायी चालणाऱ्याला एकाच बाजूला बघावं लागतं हा एकेरी रस्त्याचा फायदा सांगतात. आमच्याकडे तोही नाही, कारण दोन किलोमीटरचा वळसा चुकवायला आळीतलेच लोक स्कूटर उलटी घालायचे. माझा दीर त्यातच सापडला आणि ५०० रुपयांचं ई-चलान भरून आला. स्वतःच्या घरून स्वतःच्या दुकानात जाताना.

आमच्या सासूबाई, आई, तेव्हा ७६ वर्षांच्या होत्या. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला की समोरच्या काकींच्या ओटीवर जाऊन बसायच्या. हातात काहीतरी झाकलेलं असायचंच. एखाद्या वाटीत सोलकढी, कधी फणसाच्या भाजीचा घास, कधी नुसतीच चार सुरंगीची फुलं. रस्ता ओलांडायला त्यांना वीस-पंचवीस पावलं लागत. मार्च २०२३ मधली एक संध्याकाळ मला आठवते. आई गडग्याच्या तोंडाशी वाटी घेऊन उभ्या होत्या. एक गाडी गेली, त्यांनी पाऊल पुढे टाकलं, दुसरीचा उजेड दिसला, पाऊल मागे घेतलं. असं चारदा. मग त्या परत आत आल्या, वाटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या देईन." दुसऱ्या दिवशीही गेल्या नाहीत. काकींची ओटी आमच्या पडवीतून दिसते. दोघी आपापल्या ठिकाणी बसून एकमेकींकडे बघत राहायच्या.

१४ मे २०२३ च्या रविवारी सकाळी आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मावशींना एका पर्यटकाच्या गाडीचा आरसा लागला. टोपली उडाली, मावशी गडग्यावर पडल्या, मनगट मोडलं. गाडीवाला थांबला, दवाखान्यात घेऊन गेला, खर्चही केला. पण ऐन मे महिन्यात मावशींचा धंदा सहा आठवडे बंद राहिला. "माझी नाय गो चूक बाय, मी कडेनंच होते," असं त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, जणू मी त्यांना दोष देत होते. त्या रात्री मी पहिला अर्ज लिहायला घेतला.

आळीत ३८ घरं. अर्जावर ३१ घरांच्या सह्या झाल्या. सही न करणाऱ्यांत दोन घरगुती निवासवाले होते. त्यांना वन-वे सोयीचा होता, पाहुण्यांच्या गाड्या दाराशी रस्त्यावर लावता यायच्या. त्यांनी तोंडावर नाही म्हटलं, ते मला बरं वाटलं. ५ जूनला अर्ज नगरपंचायतीत दिला. इथे एक सांगते: अर्जाच्या दोन प्रती न्या, आणि आवक बारनिशीचा (आलेल्या कागदांच्या नोंदवहीचा) शिक्का, क्रमांक आणि तारीख आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे दीड वर्ष प्रत्येक टेबलावर मला तो क्रमांक विचारला गेला.

उत्तर १९ जुलैला आलं. "सदर विषय वाहतूक नियमनाशी संबंधित असल्याने पोलीस विभागाशी संपर्क साधावा." पोलीस ठाण्यात गेले तर ते म्हणाले, आदेश जिल्हाधिकारी कार्यालयाचा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी जाणारा एक ओळखीचा होता, त्याला चौकशी करायला सांगितली. तिथून निरोप आला, प्रस्ताव नगरपंचायतीने पाठवायचा असतो. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं. पण मूळ आदेश कुणीच दाखवत नव्हतं.

मग माहितीचा अधिकार. हे ऐकून घरातले जरा दचकले. आमच्याकडे माहिती अधिकार म्हणजे भांडण असा समज आहे. मी नमुना 'जोडपत्र अ' भरला, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि ७ ऑगस्ट २०२३ ला दिला. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. माझ्या पहिल्या मसुद्यात मावशींचं मनगट, चलान, वेग, सगळं होतं. ते सगळं काढलं आणि एकच मागितलं: अमुक रस्त्यावर एकेरी वाहतूक ज्या आदेशाने लागू आहे त्या आदेशाची प्रत आणि त्याची मुदत. "का" असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, कारण मिळत नाही.

नगरपंचायतीने माहिती अधिकाराच्या कलम ६(३) खाली अर्ज पुढे, ज्या कार्यालयाकडे माहिती असेल तिकडे, पाठवला. ४ सप्टेंबरला उत्तर आलं की, शोध घेतला असता आदेश आढळून आला नाही. १५ सप्टेंबरला मी पहिलं अपील केलं, २० रुपयांचा स्टॅम्प. चार दिवसांवर पुन्हा गणपती होते. १७ ऑक्टोबरला सुनावणी झाली. मी घाबरले होते, साडीच्या पदराला घाम पुसत बसले होते, पण सगळी सुनावणी दहा मिनिटांत आटोपली. अपिलीय अधिकारी मॅडमनी दोनच प्रश्न विचारले आणि माहिती अधिकाऱ्यांना सांगितलं, "गणपती बंदोबस्ताच्या नस्तीत बघा." नस्ती म्हणजे फाईल. आदेश तिथेच होता. दोन पानं, दोन रुपये पानाप्रमाणे चार रुपये.

आदेश मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ खालचा होता आणि मुदत स्वच्छ लिहिली होती: २७ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर २०२२. कलम ११५ मध्ये अशी तरतूद आहे की, बंदी एका महिन्यापेक्षा जास्त काळ नसेल तर राजपत्रात प्रसिद्ध करायची गरज नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरे. त्याच सवलतीत हा आदेश निघाला होता. म्हणजे १६ सप्टेंबर २०२२ पासून तो फलक नुसता उभा होता. मुद्दाम कुणी ठेवला असंही नाही. काढायचं काम कुणाच्या नावावर लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मुदत संपली हे मान्य. पण मी आज फलक काढला आणि उद्या आळीत समोरासमोर धडक झाली, तर मला कागद कोण देणार?" मी चिडले, तावातावाने बोलले. आज मला त्यांची भीती समजते. त्यांच्या दालनाबाहेर जुने कारकून बसतात, निवृत्तीला आलेले. त्यांनी मला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "वहिनी, 'काढा' म्हणू नका. काढा म्हटलं की जबाबदारी येते. नवी व्यवस्था मागा. रस्त्याची रुंदी, गाड्यांची मोजणी, पार्किंग, सगळं लिहून प्रस्ताव द्या. साहेबांना सही करायला काहीतरी हातात हवं." या अडीच वर्षांत मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला हाच.

माझी भाची पुण्यात नगररचना शिकते. दिवाळीला आली तेव्हा तिने बरंच सांगितलं. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यावर शहरांमधले कितीतरी रस्ते एकेरी केले गेले, उपनगरातल्या गाड्या कामाच्या ठिकाणी झटपट पोचाव्यात आणि संध्याकाळी झटपट बाहेर पडाव्यात म्हणून. त्या रस्त्यांवर राहणाऱ्यांचं काय, हा विचार नंतर सुरू झाला. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात २०११ मध्ये दोन एकेरी रस्ते पुन्हा दुहेरी केले. गिल्डरब्लूम आणि रिग्ज या अभ्यासकांनी आधीची-नंतरची आकडेवारी तपासली: एका रस्त्यावर अपघात ३६ टक्क्यांनी, दुसऱ्यावर ६० टक्क्यांनी कमी झाले होते, आणि तेही गाड्यांची संख्या वाढलेली असताना. त्याहून मला लागलं ते डोनाल्ड ॲपलयार्ड यांचं सॅन फ्रान्सिस्कोमधलं काम. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांशी बोलून माहिती गोळा केली. एकावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. कमी गाड्यांच्या रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त गाड्यांच्या रस्त्यावर एकही पुरा नाही, ०.९. ती हे सांगत असताना माझ्या डोळ्यांपुढे आईंची वाटी होती.

पण भाचीनेच सांगितलं, "मावशी, अर्जात लुईव्हिल लिहू नकोस. तिथले रस्ते रुंद, सिग्नलचे. साहेब म्हणतील, हे आपल्याला लागू नाही, आणि ते बरोबर असेल. तुमच्या आळीची मापं लिही." आणि तिने विचारलं, "परतीच्या गाड्या कुठून जातात?" मी म्हटलं, खाडीकडून. "तिथे कोण राहतं?"

हा प्रश्न मला पंधरा महिन्यांत पडला नव्हता याचं आजही वाईट वाटतं. खाडीच्या रस्त्यावर मोहल्ला आहे आणि वळणावर उर्दू शाळा. आमच्या आळीतून जाणारी जेवढी वाहनं तेवढीच परत येताना त्यांच्या दारावरून जात होती. दुसऱ्या दिवशी मी आणि भाची मोहल्ल्यातल्या चाचांकडे गेलो. त्यांचा बंदरावर बर्फ पोचवायचा टेम्पो आहे. चाचांनी आधी खुर्च्या मांडल्या, मग म्हणाले, "मला वाटलं होतं, वन-वे तुम्हीच मागून घेतलात. आळीवाल्यांना शांतता हवी म्हणून." शाळा सुटायच्या वेळी ते स्वतः वळणावर उभे राहून पोरांना पार करून देत होते, वर्षभर. त्यांचा टेम्पोही बंदरावरून रिकामा परतताना आता वळसा घ्यायचा. पुढचा अर्ज आळी आणि मोहल्ला दोघांचा मिळून झाला, ११२ सह्यांचा. कुठल्याही पक्षाच्या माणसाला त्यात पहिलं नाव दिलं नाही. हे ठरवून केलं.

मोजणी ८, ९ आणि १० डिसेंबरला केली. शुक्रवार, शनिवार, रविवार, सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ७. वहीत रकाने आखले: दुचाकी, रिक्षा, गाडी, टेम्पो, सायकल, पायी. दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ. पायी माणसं मोजायला विसरू नका. सरकारी मोजणीत तीच राहून जातात. वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्यावर खडूने ३० मीटर अंतरावर दोन रेघा मारा, गाडी पहिल्या रेघेवर आली की मोबाईलमधलं घड्याळ सुरू, दुसरीवर बंद. मीटरला सेकंदांनी भागून ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर. आमच्याकडे बहुतेक गाड्या अडीच ते तीन सेकंदांत जात होत्या. म्हणजे ताशी ३६ ते ४३, आणि तेही साडेपाच मीटर रुंदीच्या रस्त्यावर, जिथे फूटपाथ नाही. ३५० रुपयांची लांब टेप आणून रुंदी दर दहा मीटरवर घेतली. विहिरीपाशी सर्वांत कमी, ४.१ मीटर. गाडी पावणेदोन-एक मीटर रुंद असते, त्यामुळे दोन गाड्या तिथून कशाबशा जातात. बस २.६ मीटरपर्यंत असू शकते, ती आणि गाडी एकत्र जाऊच शकत नाहीत. आमच्या मागणीतला हा कच्चा दुवा होता. तो लपवायचा नाही असं ठरवलं आणि नकाशात लाल शाईने दाखवला.

१८ डिसेंबरला तालुक्याचा लोकशाही दिन झाला, म्हणजे लोकांनी अधिकाऱ्यांपुढे थेट तक्रार मांडायचा दिवस, तिथे विषय जिल्ह्याकडे सोपवला गेला. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. आम्ही १९ जानेवारीला दिला. ५ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटेच्या एसटीने मी, चाचा आणि मासेवाल्या मावशी निघालो. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, चाचा पंचाहत्तरीच्या पुढचे म्हणून त्यांना तिकीटच नाही. मावशींनी डब्यात घावणे आणले होते. आमचा नंबर दुपारी दीडला लागला आणि चार मिनिटं मिळाली. तेवढ्यात सांगायचं ते एका वाक्यात पाठ करून जा. माझं वाक्य होतं: "वीस दिवसांचा आदेश दीड वर्ष चालू आहे, आम्हाला जागेवर पाहणी हवी आहे." जिल्हाधिकाऱ्यांनी आदेशाची प्रत पाहिली, तारीख पुन्हा वाचली आणि संयुक्त स्थळ पाहणीचा शेरा मारला.

पाहणी २७ फेब्रुवारीला झाली. नगरपंचायतीचे अभियंता, वाहतूक शाखेचे अधिकारी, तलाठी आणि आम्ही वीसेक माणसं. वाहतूक शाखेच्या साहेबांनी वन-वेची बाजू नीट मांडली. दोन दुहेरी रस्त्यांच्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी छेदतात किंवा येऊन मिळतात, एकेरी केलं की त्या फार कमी होतात, पुण्यात फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता ही जोडी म्हणूनच चालते, असं त्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. मी एवढंच म्हटलं, साहेब, ते दोन रस्ते शेजारी-शेजारी आहेत, आमच्या जोडीदार रस्त्याने दोन किलोमीटरचा वळसा पडतो. मग त्यांना खडूच्या रेघा दाखवल्या आणि घड्याळ त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी सात गाड्या मोजल्या. बोलले काही नाहीत, पण वहीत लिहून घेतलं. देवळाच्या पारावर बसून सगळ्यांनी कोकम सरबत घेतलं.

अहवाल यायच्या आत १६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. ६ जूनपर्यंत काहीही हललं नाही. मग पाऊस. हे दिवस सगळ्यात अवघड गेले, सह्या केलेले लोक रस्त्यात विचारायचे, "काय झालं गो?" आणि सांगण्यासारखं काही नसायचं. त्याच पावसाळ्यात आईंचे गुडघे फार दुखायला लागले.

२४ जुलैच्या सर्वसाधारण सभेत विषय आला. बाजारातल्या दुकानदारांचा विरोध होता आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: आळी दुहेरी झाली तर बाजाराच्या तोंडाशी गाड्या तुंबतील. शेवटी बाजारपेठेचा १२० मीटरचा तुकडा एकेरीच ठेवायचा, आळीपासून पुढे दुहेरी, आळीत एका बाजूला पार्किंग बंद, विहिरीच्या दोन्ही अंगांना गाडी बाजूला घ्यायला जागा, आणि गणपती-शिमग्यात मुदतीचा वन-वे, असा ठराव झाला. बाजाराचा तुकडा एकेरी ठेवण्याला मी स्वतः पाठिंबा दिला. आमच्यातले काही माझ्यावर नाराज झाले. पण तिथे राहणारं कुणी नाही, सगळी दुकानं आहेत, आणि तिथून बाहेर पडायची मागची वाट शंभर पावलांवर आहे. आळीचं तसं नाही.

गाडी बाजूला घ्यायला जागा द्यायची म्हणजे कुणाचा तरी गडगा मागे जाणार. एका अंगाला देवस्थानाने जागा दिली, दुसऱ्या अंगाला आमची होती. आठ मीटर लांबीत साडेतीन फूट. चिरे तेच वापरले, गवंड्याची मजुरी ९,२०० रुपये झाली. सासऱ्यांनी लावलेलं एक रातांबीचं, म्हणजे कोकमाचं, झाड त्यात गेलं.

२३ सप्टेंबर २०२४ पासून तीस दिवस प्रायोगिक तत्त्वावर दुहेरी वाहतूक, हरकती-सूचनांसह. पहिला आठवडा फार वाईट गेला. गुरुवारी संध्याकाळी मासळीच्या खोक्यांचा टेम्पो आणि बाहेरगावची एक गाडी विहिरीपाशी समोरासमोर आली. मागे कुणी घेईना. अकरा मिनिटं भोंगे. पलीकडच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "बोलवा आता त्या प्रस्तावाच्या बाईंना!" मी गेले, हात करून टेम्पोला मागे घ्यायला लावला, घरी आले आणि रडले. त्या रात्री वाटलं, आपण गावाला संकटात घातलं.

दोन दिवसांनी अभियंत्यांनी रस्त्यावर पिवळे पट्टे मारून बाजूच्या जागा आखून दिल्या आणि बाण रंगवले: देवळाकडून येणाऱ्याने थांबायचं. एवढ्या एका बाणाने फरक पडला. कुणी थांबायचं हे ठरलेलं नव्हतं म्हणून भांडण होत होतं. तिसऱ्या आठवड्यात रिक्षावाले लांबूनच दिवा दाखवून थांबायला लागले. आम्ही पुन्हा खडू घेऊन बसलो: ३० मीटरला पाच ते सहा सेकंद, म्हणजे ताशी १८ ते २२. गाड्या चालू होत्या, हळू चालत होत्या. मोहल्ल्याच्या वळणावर चाचांना उभं राहायची गरज कमी झाली, पण शाळेपाशी गतिरोधक अजून झालेला नाही. त्याचा वेगळा अर्ज चालू आहे.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि प्रयोगाची मुदत त्यातच संपली. या वेळी मी आधीच वाहतूक शाखेकडून लेखी घेतलं होतं की, अंतिम निर्णयापर्यंत प्रायोगिक व्यवस्था चालू राहील. जुन्या फलकाने एवढं शिकवलं होतं. नऊ हरकती आल्या होत्या, डिसेंबरात सुनावणी झाली, आणि ८ जानेवारी २०२५ ला खांब उपटला गेला. आलेल्या माणसांत २०२२ च्या दोघांपैकी एक होता.

खर्च विचारतात म्हणून: माहिती अधिकाराचे ३४ रुपये, झेरॉक्स आणि नकाशे ६०० च्या आसपास, टेप, आणि एसटीच्या सहा फेऱ्या. वकील लागला नाही. वेळ मात्र अतोनात गेला आणि तो मी घरातून काढून घेतला, हे आधीच घरी बोलून ठेवा.

आई आता ७९ च्या आहेत. रोज जाणं होत नाही, गुडघे साथ देत नाहीत. आठवड्यातून दोनदा मुलगा त्यांचा हात धरून समोर नेतो. मधे रिक्षा आली तर थांबते, रिक्षावाला "सावकाश, आजी," म्हणतो. ज्या दोन वर्षांत त्या आपल्या पायांनी जाऊ शकत होत्या ती दोन वर्षं फलकाने घेतली. मला ते विसरता येत नाही.

यंदा शिमग्याला पालखी आळीतून जायची होती, म्हणून ९ ते २० मार्च मुदतीचा वन-वे लागला. नवा फलक आला तेव्हा त्याच्या खाली पांढऱ्या रंगात दोन्ही तारखा लिहिलेल्या होत्या, आणि आदेशात एक ओळ वाढली होती: मुदत संपताच फलक काढण्याची जबाबदारी नगरपंचायतीच्या बांधकाम विभागाची. २० तारखेला संध्याकाळी सहाच्या सुमारास त्यांचा माणूस आला, त्याच्याकडे पाना नव्हता. ह्यांनी आतून आणून दिला. फलक आमच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवला आहे. गणपतीला लागेल.